दुपारी एकचा निरोप

केत्रावे बेट, चिलोए
४ मार्च १९८४

चि. आर्तेमियो यास एर्सिराताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आणि लोकरीचं गाठोडं, दोन्ही पोचलं. गाठोडं मोठं आणि पत्र चार ओळींचं. पुढच्या खेपेला लोकर कमी पाठवलीस तरी चालेल, पण लिहिताना हात आखडू नकोस. तिकडे पुंता अरेनासच्या वाऱ्यात शब्द उडून जातात की काय, देव जाणे.

आधी तुझ्या लेकीचं सांगते, कारण तू पत्र उघडून आधी तेच शोधणार. नोल्फाला बेटावरच्या दवाखान्यात नर्स होऊन परवा दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात दोन बाळंतपणं एकटीनं निभावली, त्यातलं एक पायाळू. आता रविवारी चॅपेलमध्ये गेलं की म्हातारी माणसंसुद्धा सरकून तिला जागा करून देतात आणि तिच्या शेजारी मी बसते. मी मान ताठ ठेवूनच बसते. लोक म्हणतात एर्सिराला गर्व झालाय. झालाय तर झालाय! तुझी बायको गेली तेव्हा चार वर्षांची पोर माझ्या पदरात टाकून तू दक्षिणेला मेंढरं कातरायला गेलास. नाक पुसण्यापासून मी केलंय सगळं, तर गर्व काय शेजारणीनं करायचा?

आता दुसरी गोष्ट. ही वाचून झाली की पत्र चुलीत घाल.

गेल्या हिवाळ्यापासून मला काहीतरी होतंय. बटाटे काढायला वाकले, किंवा धार काढायला गाईखाली बसून पोट गुडघ्यांवर दाबलं गेलं, की छातीत घोडा उधळतो. डोकं फुटेल असं ठणकतं, घामानं पोलकं भिजतं, हात पांढरे पडतात, आणि वाटतं की हे आता शेवटचं. पाव तासानं सगळं ओसरतं आणि मी उठून परत कामाला लागते. शेजारच्या म्हाताऱ्या बाल्दोमेरोला वाटतं कुणीतरी करणी केली. होनोरिंदा ग्वेंतेओ, तिला तू ओळखतोसच, लहानपणापासून माझ्या वाईटावर, ती चार बायकांत म्हणाली की लग्न न केलेल्या बाईच्या नसा पन्नाशीत अशाच बिघडतात. ही तीन पोरांची आई, हिच्या नसा म्हणे शाबूत.

फेब्रुवारीत डॉक्टरांची लाँच आली तेव्हा नोल्फा लशींच्या शिबिराला कास्त्रोला गेली होती. बरंच झालं म्हटलं. काळी शाल घेतली, केस नीट बांधले, गेले. डॉक्टर नवा, पोरसवदा, पण बोलायला गोड. नियमाप्रमाणे दहा मिनिटं मला गप्प बसवलं, मग रक्तदाब बघितला. म्हणाला, वीस वर्षांच्या मुलीसारखा आहे. मग झोप लागते का, एकटं वाटतं का, रडू येतं का, असलं विचारत बसला. शेवटी म्हणाला की आजार नसांचा आहे, मनाचा आहे, आणि गोळ्या दिल्या. पाकिटावरचं नाव तुझ्यासाठी उतरवते: इमिप्रामिना. आधी रोज एक, मग दोन, मग तीन.

मी त्याला हात जोडले की दवाखान्याच्या वहीत हे लिहू नका. ती वही टेबलावर उघडी असते आणि अख्खं बेट ती वाचून जातं. त्यानं स्वतःच्या बॅगेतल्या गोळ्या दिल्या आणि नोंद केली नाही. नोल्फालाही ठाऊक नाही, आणि तिला कळता कामा नये. ज्या नर्सच्या आत्याचं डोकं फिरलंय, तिच्याकडून सुई कोण टोचून घेईल? एवढं मोठं केलेलं पोरीचं नाव मी माझ्या हातानं मातीत घालू? तुला सांगितलं, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. आईच्या थडग्याची शपथ घे की हे पोटात ठेवशील.

तब्येतीला जप. पातळ मोजे घालून हिंडू नकोस. आशीर्वाद आहेतच, माया तुझ्याकडून यायची बाकी आहे.

तुझी,
एर्सिराताई


मेंढ्यांची एस्तान्सिया, पुंता अरेनासच्या उत्तरेला
१९ मार्च १९८४

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र चुलीत घातलं नाही. आमच्या चुलीपाशी कायम सहा माणसं शेकत बसलेली असतात, आणि जळताना वाचणारे निघाले तर पंचाईत. ट्रंकेत, कातरीच्या खाली ठेवलंय.

नोल्फाचा गणवेशातला फोटो मी इतक्यांदा दाखवलाय की त्याचे कोपरे दुमडलेत. इथला फोरमन इंग्रज वंशाचा, नाक वर करून चालणारा. त्यालाही दाखवला. पायाळू बाळाची गोष्ट मी त्याला तीन वेळा सांगितली. आता मला बघितलं की तो तबेल्याच्या मागून जातो.

ताई, तू आणि नसांचा आजार? मी लहान असताना वादळात होडी उलटली, तेव्हा मला एका हातानं केसाला धरून दुसऱ्या हातानं वल्हं मारणारी बाई तू. नंतर किनाऱ्यावर मला मारलंसही. तुझ्या नसा म्हणजे गलबताचे दोर, असं मी इथं सांगत असतो. पण डॉक्टर शिकलेला माणूस, त्याच्यापुढं मेंढरं कातरणाऱ्यानं काय बोलावं. नोल्फापासून लपवलंस हे मला पटलेलं नाही, एवढं लिहून ठेवतो. शपथ मात्र घेतली. आईच्या थडग्याची. माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही.

हंगाम संपला. कंबर धरलीये, बाकी ठीक. आपल्या घरचा किसलेल्या बटाट्याचा मिल्काओ खाऊन दोन वर्षं झाली. इथले स्वयंपाकी बटाटा उकडतात आणि त्यालाच जेवण म्हणतात. रागावलीस तरी लिहीत जा, रागातली पत्रं लांब असतात.

तुझा,
आर्तेमियो


केत्रावे बेट
२ एप्रिल १९८४

ती. बाबांस नोल्फाचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी दवाखान्यात बसून लिहितेय. आत्याला कळू द्यायचं नाहीये. तुम्हीही तिला लगेच काही लिहू नका, आधी पूर्ण वाचा.

परवा आपल्या शेतात बटाट्यांची मिंगा होती, शेजाऱ्यांनी आपल्याकडं राबायला यायची पाळी. वीस-बावीस माणसं आली होती. तुम्हाला माहीतच आहे, मिंगा म्हणजे आत्याची परीक्षा आणि उत्सव दोन्ही. पहाटेपासून तिनं रांधलं होतं, आणि शिवाय सगळ्यांच्या पुढं राहून एक ओळ मी काढणार म्हणून हट्ट. अर्धी ओळ झाली आणि ती कुदळीवर तशीच थांबली. चेहरा मेणासारखा झाला. घाम हनुवटीवरून टपकत होता. होनोरिंदाकाकू म्हणाल्या की नसांचा झटका आहे, हिला सावलीत बसवा, मीठपाणी द्या.

मी पळत जाऊन दवाखान्यातून दाब मोजायचं यंत्र आणलं. बाबा, आमच्याकडं नियम आहे की माणसाला दहा मिनिटं शांत बसवून मगच दाब मोजायचा. मी दोन वर्षांत तो नियम कधी मोडला नव्हता. आत्याचा दाब मी कितीदा घेतलाय, नेहमी उत्तम. पण परवा मला वाटलं, ही शांत बसली की बरी होते, तर मग शांत बसवून काय कळणार? मी तिथंच, मातीत गुडघे टेकून, ती वाकलेली असतानाच पट्टा बांधला. वरचा आकडा दोनशे पन्नास आणि खालचा एकशे चाळीस. मला वाटलं कान चुकले. परत घेतला. तोच. पाव तासानं एकशे तीस.

काल आणि आज मी सारखा दाब घेतेय. तिला गाईखाली बसवते, वाकायला लावते, मग घेते. ती मला वेड लागलंय म्हणते. सगळं माझ्या स्वतःच्या वहीत लिहिलंय, वेळेसकट. पूर्वी तिला महिन्यातून दोन-तीनदा व्हायचं असं ती कबूल करते. आता दिवसातून तीनदा होतंय. फेब्रुवारीपासून वाढलंय आणि का वाढलं ते कळत नाही.

माझ्या पुस्तकात असा एक आजार आहे. मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक गाठ होते, आणि माणूस घाबरला की शरीर जे द्रव्य रक्तात सोडतं, तेच ती गाठ मनाला येईल तेव्हा सोडते. पोट दाबलं गेलं की जास्तच. तिथंच खाली एक ओळ आहे, ती मी शंभर वेळा वाचली. नसांसाठी, उदासपणासाठी ज्या गोळ्या देतात त्यातल्या काही अशा रोग्याला दिल्या, तर दाब इतका चढतो की मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जातो.

बाबा, आत्याच्या तोंडाला सारखी कोरड पडते. पाण्याचा तांब्या हातातून सुटत नाही. अंथरुणातून उठली की भिंत धरते. त्या गोळ्या घेणाऱ्यांना हेच होतं. मी तिला सरळ विचारलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी परत सहा वर्षांची झाले, आणि म्हणाली की गोळी-बिळी काही नाही, जेवणात मीठ जास्त होतं म्हणून तहान लागते. दवाखान्याच्या वहीत तिच्या नावावर काही नाही. तिची पेटी उचकायची माझी हिंमत होत नाही.

वायरलेसवरून कास्त्रोच्या इस्पितळाशी बोलले. ते म्हणाले की एवढा आकडा म्हणजे यंत्रात बिघाड असेल, तीस तारखेच्या लाँचवर डॉक्टरच बघतील. आत्या म्हणते की निम्मे बटाटे जमिनीत असताना ती बेट सोडणार नाही, आणि शेजाऱ्यांच्या मिंगा फेडायच्या आहेत त्या वेगळ्या. तीस तारखेपर्यंत ती जगेल याची मला खात्री नाही. खोटं लिहून काय उपयोग?

ती मला सांगत नाही ते तुम्हाला सांगते. तिनं काही लिहिलं असेल, तर मला गोळीचं नाव कळवा. नुसतं औषध घेते म्हणून चालणार नाही, नाव हवं. नाव असेल तर इस्पितळाला माझं ऐकावं लागेल.

तुमची,
नोल्फा


पुंता अरेनास
११ एप्रिल १९८४

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा तुला सगळं कळलेलं असेल, आणि तू ते वाचायच्या आधी फाडशील. फाडू नकोस. शिव्या द्यायला तरी वाच.

नोल्फाचं पत्र आज सकाळी सामानाच्या ट्रकमधून आलं. नऊ दिवस वाटेत होतं. मी उभ्यानं वाचलं आणि मग खाली बसलो. उलट पत्र लिहिलं असतं तर अजून नऊ दिवस. इस्पितळाला तार केली असती तर ती कुणाच्या तरी टेबलावर सोमवारपर्यंत पडली असती. बेटावर तारघर नाही. राहिली एकच वाट, कास्त्रोच्या रेडिओवरचे दुपारी एकचे निरोप. आपल्या बेटावर त्या वेळी कोण रेडिओ लावत नाही ते सांग. कुणाची गाय हरवली, कुणाची सून बाळंत झाली, सगळं तिथंच कळतं. नोल्फा त्या वेळी कुठंही असली तरी दहा जण तिला सांगायला धावतील, हे मला ठाऊक होतं. तेच मला हवं होतं आणि त्याचीच मला भीती होती.

ट्रकवाल्याबरोबर तसाच शहरात आलो. तारघरात पाऊण तास कागदापुढं बसलो. ताई, मी शब्द झाकायचा प्रयत्न केला. आधी लिहिलं की आत्याची पेटी बघ. मग वाटलं, पेटीत नसल्या तर? मग लिहिलं की आत्या औषध घेते. पण पोरीनं नाव मागितलं होतं. नावाशिवाय इस्पितळ ऐकणार नव्हतं. शेवटी जे पाठवलं ते असं:

केत्रावे बेटावरची नर्स नोल्फा बार्रिया हिला वडिलांचा निरोप. तुझी आत्या एर्सिरा फेब्रुवारीपासून नसांसाठी इमिप्रामिनाच्या गोळ्या घेते. तुझ्यापासून लपवल्या आहेत. ताबडतोब बंद कर.

तारवाल्या बाईनं वाचून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं की हे असंच रेडिओवर जाऊ द्यायचं का. मी हो म्हटलं. बाहेर येऊन भिंतीला टेकून रडलो, लाज वाटत नाही सांगायला.

आईच्या थडग्याची शपथ मोडली. तिकडं आलो की थडग्यावर जाऊन मी तिच्याशी बोलेन, तुझ्याशी बोलायची हिंमत झाली तर तुझ्याशीही. तू आयुष्यभर माझं तोंड बघितलं नाहीस तरी चालेल, पण तू असली पाहिजेस.

अपराधी,
आर्तेमियो


वाल्दिव्हिया
२४ एप्रिल १९८४

ती. बाबांस सा. न. वि. वि.

आत्या जिवंत आहे. हे पहिलं लिहिते, म्हणजे बाकीचं तुम्ही बसून वाचाल.

बारा तारखेला होनोरिंदाकाकूंच्या शेतात मिंगा होती आणि आत्या त्यांचं देणं फेडायला गेली होती. मी दवाखान्यात होते. एकच्या सुमाराला सगळे काकूंच्या स्वयंपाकघरात जेवायला बसले होते, रेडिओ कपाटावर चालू. आत्या मोठं पातेलं घेऊन वाढत होती. निरोप आला तेव्हा, म्हणतात, चमच्यांचा आवाजसुद्धा थांबला. सगळे तिच्याकडं बघायला लागले. काकूंनी रेडिओ बंद करायला हात नेला. आत्यानं पातेलं खाली ठेवलं, पाठ सरळ केली आणि म्हणाली,

“होय, घेते. बटाटे गार होतायत, जेवा.”

मग शाल घेऊन ती घरी निघाली. एकटी, ताठ. तिच्या मागून कुणी गेलं नाही. पण बाबा, दवाखान्याकडं मात्र अकरा माणसं पळत आली, त्यात होनोरिंदाकाकू सगळ्यांत पुढं, पीठ लागलेल्या हातांनी. मी घरी पोचले तर पाकीट टेबलावर काढून ठेवलं होतं आणि आत्या भिंतीकडं तोंड करून बसली होती. मी तिच्या पायांशी बसले आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. थोड्या वेळानं तिनं केसांवरून हात फिरवला, एवढंच.

वायरलेसवर मी गोळीचं नाव सांगितलं आणि वहीतले सगळे आकडे वाचून दाखवले. या वेळी यंत्र बिघडलंय असं कुणी म्हटलं नाही. एक पोक्त डॉक्टर बोलायला आले. म्हणाले, गोळ्या या क्षणी बंद, तिला वाकू देऊ नका, आणि आजच घेऊन या. समुद्र खवळला होता. काकूंचे यजमान एहिदिओकाका म्हणाले की या समुद्रात मी माझं डुक्करसुद्धा नेणार नाही, आणि असं म्हणतच आपल्या लाँचचं इंजिन सुरू केलं. आत्याला गादीवर आडवं बांधूनच नेलं. वाटेत एक झटका आला, माझ्या हातात तिची नाडी फडफडत होती. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते, आणि तिला वाटू दिलं नाही, कारण तिनंच मला ते शिकवलंय.

कास्त्रोहून इकडं, वाल्दिव्हियाच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तपासण्या झाल्या. गाठ आहे, डाव्या बाजूला, अक्रोडाएवढी. इथल्या डॉक्टरांनी मला समजावलं की ती गाठ भीतीचं द्रव्य रक्तात ओतते, शरीर ते पुसून टाकायला बघतं, आणि त्या गोळ्या पुसू देत नाहीत. म्हणून फेब्रुवारीपासून वाढलं. डोस तीनवर गेला होता. अजून आठवडाभर घेतला असता, तर काय झालं असतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आता दोन-तीन आठवडे औषधानं दाब काबूत आणून मग शस्त्रक्रिया. धोका आहे. गाठीला हात लागला की ती सगळं एकदम ओतू शकते. आत्याला सगळं सांगितलं. लपवायचं नाही असं आता आमचं ठरलंय.

तुमचं नाव काढलं की ती खिडकीबाहेर बघते. तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. हे मी नर्स म्हणून लिहितेय, आणि मुलगी म्हणूनही.

नोल्फा


पुंता अरेनास
२२ मे १९८४

ती. ताईस सा. न. वि. वि.

नोल्फाची तार मिळाली की शस्त्रक्रिया पार पडली, गाठ निघाली. मी फोरमनला मिठी मारली. तो अजून सावरलेला नाही.

तुला तीन पत्रं पाठवली, एकाचं उत्तर नाही. एक ओळ लिही. शिवी लिही. ‘मेल्या’ एवढं लिहिलंस तरी मी ते ट्रंकेत जपून ठेवीन.

आर्तेमियो


केत्रावे बेट
१७ जून १९८४

चि. आर्तेमियो यास एर्सिराताईचे आशीर्वाद. वि. वि.

मेल्या, घे, लिहिलं. आता ट्रंकेत ठेव.

दोन महिने मी तुझ्यावर जळत होते, हे काही लपवत नाही. इस्पितळाच्या खाटेवर पडल्या पडल्या तुला काय काय ऐकवायचं ते रोज नवं नवं सुचत होतं. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी मला ढकलत नेलं, छतावरचे दिवे एकेक करून मागं जात होते, तेव्हा मनात आलं की हे सगळं न ऐकवताच मेले तर काय? म्हटलं, मरायचं नाही. तेव्हा तुला वाटत असेल की डॉक्टरांनी वाचवलं, तर त्यात थोडा वाटा तुला द्यायच्या शिव्यांचाही आहे.

चार तास लागले. मधे दाब एकदा असा चढला की शस्त्रक्रिया थांबवावी लागली, हे मला नंतर तिथल्या नर्सनं सांगितलं. मला काही आठवत नाही. जाग आली तर छाती शांत. तुला सांगून कळायचं नाही. गेलं वर्षभर माझ्या आत कुणीतरी दार ठोठावत होतं, आणि ते निघून गेलं होतं. गाठ त्यांनी मला बाटलीत दाखवली. एवढीशी. ती भीती माझी नव्हतीच, आर्तेमियो. त्या अक्रोडाची होती. माझ्या नसा गलबताचे दोर आहेत ते आहेतच.

तिसऱ्या दिवशी मोठे सर्जन आले, मागं शिकणारी दहा-बारा पोरं. त्यांच्या हातात आपल्या नोल्फाची वही होती. त्यांनी त्यातली पानं पोरांना वाचून दाखवली, एकतीस मार्चपासून, गाईखाली बसल्यावर इतका, कुदळ मारताना इतका, बसल्यावर इतका. मग विचारलं की ही नोंद कुणाची असेल. एक पोरगा म्हणाला कुठल्या तरी हृदयाच्या डॉक्टरची. सर्जन म्हणाले की बेटावरच्या चोवीस वर्षांच्या नर्सची, आणि तुम्हा सगळ्यांना दहा मिनिटं गप्प बसवून दाब घ्यायला शिकवलंय, ही एकटी रोग्याच्या मागं शेतात गेली. नोल्फा कोपऱ्यात उभी होती, कानापर्यंत लाल. मी टाके विसरून उठून बसले आणि सांगितलं की ही माझी भाची आहे, मी वाढवलीये. कुणी विचारलं नव्हतं. टाके दोन दिवस दुखले. दुखू देत.

तो पोरसवदा डॉक्टरही भेटायला आला. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला की वहीत नोंद केली नाही ही त्याची चूक, आणि वाकायला लावून बघितलं नाही ही दुसरी. मी म्हटलं, पहिली तुझी एकट्याची नाही, हात मी जोडले होते. काळी शाल घेऊन राणीसारखी बसले होते, तर त्याला आजार दिसणार कसा? पोरगा वाईट नाही. आता लाँच आली की तो आधी नोल्फाला विचारतो, मग रोग्याला.

आता परत आल्याचं सांगते. धक्का जवळ यायला लागला तशी मी शाल सारखी केली. अख्खं बेट उभं होतं. मला वाटलं, आले बघायला, डोकं फिरलेली एर्सिरा कशी दिसते ते. मान वर करून उतरले. कुणी काही विचारलं नाही. कुणी पिशवी घेतली, कुणी हात धरला. आपले उरलेले बटाटे त्यांनी काढून, निवडून, कोठीत भरून ठेवले होते. माझ्याशिवाय मिंगा झाली, माझ्या शेतात, आणि जेवणही त्यांनीच रांधलं. मीठ कमी पडलं असणार, पण ते मी बोलले नाही.

पण खरी गोष्ट त्यानंतरची. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई मागच्या दारानं आली. चहा घेतला, हवेबद्दल बोलली, आणि मग पोलक्यातून एक पाकीट काढून माझ्यापुढं टेबलावर ठेवलं. तसंच पाकीट, आर्तेमियो. तीन वर्षांपासून घेत होती, नवऱ्याला माहीत नाही, पिठाच्या डब्यात लपवायची. रेडिओवर माझं नाव ऐकलं त्या दिवसापासून तिला झोप नव्हती. म्हणाली, एर्सिरा, तू सगळ्यांसमोर हो म्हणालीस, आता मला नोल्फाकडं घेऊन चल. मी शाल घेतली आणि घेऊन गेले. त्या आठवड्यात आणखी सहा जणी आल्या. नोल्फानं प्रत्येकीचा दाब बसवून, उभं करून, वाकवून बघितला, दुसरी कोणती औषधं चालू आहेत ते विचारलं. पाच जणींना सांगितलं की गोळ्या चांगल्या आहेत, तुम्हाला गुण येतोय, मनानं बंद करू नका, फक्त लपवू नका. एकीची पोरं शेजारणीकडं पाठवली आणि तिच्याशी दोन तास बोलत बसली. आणि एकीच्या बाबतीत असं निघालं की दाबासाठी ती जे औषध घेते, त्याचा गुण या गोळ्या मारून टाकत होत्या. दाब दोनशे दहा. तिला काही जाणवतही नव्हतं, बडबड चालूच. वायरलेसवर विचारून नोल्फानं तिचं औषध बदलून घेतलं. काल एकशे चाळीस होता.

म्हणजे तुझ्या त्या निरोपानं दोन बायका वाचल्या. मी तुला माफ केलं असं समजू नकोस, अजून एक-दोन शिव्या शिल्लक आहेत. त्या तोंडानं द्यायच्यात. तेव्हा सप्टेंबरात सुट्टी घे आणि ये. मिल्काओ करीन, डुकराची चरबी घालून, तुला आवडतो तसा. तुझ्या लेकीला लोक रस्त्यात थांबवून हात मिळवतात ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मला एकटीला एवढा गर्व पेलवत नाही, अर्धा तू उचल.

आता तू विचारणार की ती दुसरी बाई कोण. तीच, जी माझ्यावर सगळ्यांत जास्त हसली होती. ती परवा माझ्या स्वयंपाकघरात बसून माझा हात धरून रडली, आणि मीही रडले, आणि जाताना आम्ही दोघींनी कबूल केलं की चाळीस वर्षं उगाच भांडलो. एवढं सांगते. नाव विचारू नकोस. तुझ्या पोटात काही राहत नाही.

आशीर्वाद, आणि मायेत कमी करू नकोस.

तुझी,
एर्सिराताई